मुकादम आला, विडी विझवा

ज्या तळ्यात पूर्वी लाकूडगिरणीचे ओंडके तरंगायचे, त्याच्या काठी आता निवृत्तांच्या सदनिका आहेत आणि एक छोटं रुग्णालय. त्या सदनिकांत नुकत्याच राहायला आलेल्या एक बाई रक्ततपासणीसाठी बसल्या होत्या. समोर गिरणीतला एक म्हातारा कामगार आणि करवतीवरच्या त्याच्या जोडीदाराची बायको, दोघंही काचेच्या दाराकडे बघत होती. जोडीदाराच्या घशातली गाठ त्याच सकाळी काढली होती.

“भाऊजी, आवाज जाणारच म्हणाले डॉक्टर. माझ्याशी बोलणार कसे हो हे?”

“चाळीस वर्षांत ऐकलंत का त्याचं कधी?”

“थट्टा पुरे. आणलं बघा यांना खाटेवरून! हात कसला हलवताहेत? भ्रम तर नाही झाला?”

“छे हो. ‘ओंडका पुढे घे’ म्हणतोय. करवत सुरू असली की काही ऐकू यायचं नाही, म्हणून दिवसभर आम्ही हातानंच बोलायचो. म्हणजे सगळं ठीक आहे.”

“खरंच? मग आता डोक्यावर पंजा का ठेवलाय?”

“मुकादम आला, विडी विझवा.”

खाटेमागून येणारे डॉक्टर काचेचं दार उघडून बाहेर आले.

“गाठ पूर्ण निघाली, आजी. काळजी मिटली.”

आजींनी डोळे पुसले आणि काचेसमोर हात उंचावला.

“तसा नको, वहिनी! त्यानं करवत बंद पडते. अंगठा आत घ्या. हां, आता हलवा, ‘ओंडका पुढे घे’.”

काचेपलीकडून तसाच हात हलला.

तपासणीसाठी बाईंचा नंबर पुकारला गेला. उठता उठता त्यांनीही पर्सआड अंगठा आत घेऊन पाहिला.