तिसरा ग्लास

हमीदचाचांचं टर्किश हॉटेल आठवतं ना? आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. चाचा दुबईत एका टर्किश हॉटेलात स्वयंपाकी होते, परत आल्यावर आपल्या आळीतच चार टेबलं मांडली. दोन हजार दोन-तीनची गोष्ट. मी आणि वीणा, लग्नाआधी, रविवारी सकाळी तिथे चोरून नाश्त्याला जायचो. मध, चीज, करवंदासारखी काळी ऑलिव्हं. चाचा आमच्या टेबलावर चहाचे तीन ग्लास ठेवायचे. म्हणायचे, "कोण डोकावलंच तर सांगेन, तिसरा माझा. मी बसलोय पोरांबरोबर."

एकदा वीणाचे बाबाच आत आले. आमचा घास तोंडातच राहिला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, तिसऱ्या ग्लासाकडे पाहिलं, खुर्ची ओढून बसले आणि एक घोट घेतला.

"हमीद, माझा चहा गार झालाय रे. दुसरा आण."