वर्षभर देशाबाहेर पाऊल नाय

माझं बोलणं ऐकून तुमाला वाटलं असंल मी इथलीच, कडावची नायतर शेजारच्या गावची, सगळ्यांना तसंच वाटतं, पण मी श्रीलंकेची हाय. कुरुनेगलाच्या बाजूला आमचं खेडं, तिथं पण भातच, इथल्यासारखंच चिखलात वाकून लावणी करायची, फक्त तिथं माड जास्त. नाव माझं कुसुमा, इथं आल्यावर सासूनं शेवटचा काना काढून टाकला, कुसुम झाले. बाप लवकर गेला. अम्मानं, म्हंजे माझ्या आईनं, मला न माझ्या धाकट्या भावाला, सुनीलला, दुसऱ्याच्या शेतात राबून वाढवलं. आता सुनील ऐकून तुमी म्हणाल हे तर आपल्याकडलं नाव, तर तिकडं पण ठेवतात ते, माझ्या सासूला पण त्याचंच नवल वाटलं होतं.

विशी ओलांडली न मी मस्कतला गेले, घरकामाला. त्या घरी एसी बिघडला का एक मराठी माणूस यायचा दुरुस्तीला, तेच आमचे हे. नाव अनंता, तुमी लिहिणार म्हणून घेते, नायतर घेत नाय. आमी हिंदीत बोलायचो, मोडक्या, त्यांची बरी, माझी वाईट. एकदा मी त्यांना इचारलं तुमच्याकडं भात कसं लावतात, तर त्यांनी एसीचा स्क्रू हातात धरून मला रोपांचा चूड, म्हंजे मूठ, कसा धरायचा ते दाखवलं, न मी हसले, कारण आमी पण तसाच धरतो. मंग लग्न झालं, न आमी दोघं मस्कत सोडून इथं आलो. सासू पहिल्या पावसाळ्यापर्यंत माझ्याशी धड बोलली नाय. तिचं पण खरं होतं, एकुलता एक पोरगा न बायको आणली कुठून तर समुद्रापलीकडनं. मंग लावणीला मी तिच्या बाजूच्या रांगेत उतरले, तिनं थोडा येळ बगितलं न शेजारणीला म्हणाली, हिला येतंय गं. त्या दिवसापासून मी तिला आई म्हणते. एक अम्मा, एक आई, अशा दोन झाल्या मला.

तुमाला वाटंल एवढं सगळं सुरळीत होतं तर इथलं नागरिक व्हायची घाई कशाला. तर ऐका. आमची तन्वी तवा शाळेत जायला लागली होती. हे आता खोपोलीला कारखान्यात जातात, एके दिवशी येताना टेंपो उलटला न ह्यांना डोक्याला मार बसला. दवाखान्यात मी बाहेर बाकड्यावर बसले होते न मला एकच येत होतं मनात, का मी इथं राहते ती ह्यांची बायको म्हणून, व्हिसा वाढवायचा तर ह्यांची सही, आता ह्यांचं काय बरंवाईट झालं तर मी कोण. पोर इथली, म्हशी इथल्या, न मी पाहुणी. तसं नसतं असं नंतर कुणीतरी सांगितलं, पण त्या बाकड्यावर कोण सांगणार. हे बरे झाले न मी पहिलं बोलले ते हेच, मला इथली करून घ्या.

मंग कर्जतला वकिलाकडं गेलो. चांगला माणूस. त्यानं सांगितलं, इथल्या माणसाशी लग्न झालंय न इतकी वर्षं राहिलात तर अर्ज करता येतो, पण तुमी भारताबाहेर कधी कधी गेलात, किती राहिलात, सगळं लिहून द्यायला लागतं. मी दोनदा गेले होते. एकदा सुनीलच्या लग्नाला, न दुसऱ्यांदा अम्माला बगायला गेले न टाळेबंदी लागली, इमानं बंद, मी तिकडं न तन्वी इकडं, ती फोनवर मला बगायची न तोंड फिरवायची. तो सगळा काळ मोजला वकिलानं न म्हणाला, चालंल, मागच्या सगळ्या वर्षांचं मिळून तुमचं राहणं पुरेसं भरतंय. पण अर्जाच्या आधीचं जे अख्खं एक वर्ष हाय ना, ते सलग इथं काढायला पायजे. बाहेर पाऊल टाकायचं नाय. ते तेवढं सांभाळा.

ते तेवढं सांभाळा, हे ह्यांच्या डोक्यात असं बसलं का काय सांगू तुमाला.

मी अम्माला फोनवर सांगितलं, ती म्हणाली बरं झालं, वर्ष पुरं कर, तुझे कागद झाले का ये, मी कुठं जाते. असं म्हणाली.

लावणी उरकली होती. एके दिवशी हे कामावरनं दुपारीच आले न मला म्हणाले चल कर्जतच्या बाजारात, बांगड्या भर. मला नवल वाटलं, ह्या माणसानं लग्नानंतर मला कधी बाजारात नेलं नाय. मी गेले. हिरव्या भरल्या, दोन्ही हात भरून. कासारीण म्हणाली मालक लय हौशी हाय गं, न मी लाजले. हे बाहेर रस्त्यावर उभे होते, पाठ करून. मला वाटलं बायकांच्या दुकानात लाजतायत.

त्यानंतर अम्माचा फोन लागंना. सुनील म्हणाला तिचा फोन पाण्यात पडला. मंग म्हणाला ती मावशीकडं गेली, डोंगरात, तिथं रेंज नाय. अम्माला मावशीकडं करमत नाय, मला म्हाईत होतं, तरी मी मानलं. माणूस का मानतं असं, तर आपलाच भाऊ सांगतोय म्हणून. आमचे हे पण म्हणायचे, अगं असंल, म्हातारं माणूस, दोन दिवस इकडं, दोन दिवस तिकडं. सर्वपित्री अमावस्येला आईनं पानं वाढली, सासऱ्याचं, तिच्या सासूसासऱ्यांचं, न एक पान जास्त. मी म्हटलं हे कुणाचं, तर आई म्हणाली, असूंदे, कुणी राहिलं असंल, न तिनं त्या पानावर खोबरं जास्त घातलं. मी स्वतः ते पान उचलून पत्र्यावर ठेवून आले, कावळ्याला हाक मारली, न खाली उतरले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सांजच्याला, मी म्हैस पिळत होते. फोन वाजला. सोमा अक्काचा. आमच्या गावात आमच्याच कुंपणापलीकडं राहायची, आता दुबईला असते कामाला. मी खांद्यानं फोन कानाला धरला न पिळत राहिले. ती म्हणाली, कुसुमा, माझं चुकलं, मी आधीच करायला पायजे होता फोन, पण तुझ्याशी काय बोलावं सुचंना. मी म्हटलं काय झालं. ती म्हणाली अम्माला किती शांत मरण आलं बग, सकाळी विहिरीवर गेली, बसली, न बसल्या जागी गेली. मी पण तवा सुट्टीवर गावीच होते. आमच्याकडं मयत घरात ठेवतात लांबच्या माणसांसाठी, तीन दिवस ठेवली तुझ्यासाठी, सगळे इचारत होते मोठी येणार का, मंग सुनील म्हणाला तिला येता येत नाय, वर्ष मोडंल.

मी ऐकत होते न पिळत होते. माझा हात थांबला नाय. दूध संपलं तरी मी ओढत राहिले, म्हशीनं लाथ मारली तवा चरवी उलटली न दूध सगळं माझ्या पायावरनं गेलं, गरम. फोन कधी बंद झाला म्हाईत नाय. मला रडू आलं नाय. माझ्या डोळ्यांसमोर फक्त बांगड्या होत्या, त्या भरल्या तवापासनंच अम्माचा फोन लागत नव्हता. अम्मा घरात ठेवलेली, सगळं गाव पांढऱ्या कपड्यात, आमच्याकडं मयताला पांढरं नेसतात, न मी इथं कर्जतच्या बाजारात हिरवा चुडा भरून लाजतेय.

घरात गेले. आई चुलीपाशी भाकऱ्या करत होती. मी तिला इचारायला तोंड उघडलं तर मराठी येईना. इतक्या वर्षांची मराठी, मी सपनं पण मराठीत बगते, ती गेली कुठं म्हाईत नाय, मी सिंहलीतच बोलायला लागले, मोठ्यानं, तू अम्माचं पान वाढलंस न माझ्याच हातानं ठेवलंस, तू मला आई म्हणू दिलंस न माझ्या आईचं मरण लपवलंस. एक शब्द तिला कळायचा नाय. पण तिनं तव्यावरची भाकरी तशीच जळू दिली न हात जोडले. तिला सगळं कळलं होतं.

हे आले तवा मी बांगड्या फोडून ठेवल्या होत्या ओसरीवर. ते बगून आई घाबरली, नवरा जिता न ही काय करते, पण हे खाली बसले न काचा गोळा करायला लागले. मग म्हणाले, सुनीलचा फोन आधी मला आला. मीच म्हटलं तिला सांगू नको. तू गेली असतीस, न वर्ष मोडलं असतं, न परत पहिल्यापासून. दवाखान्याच्या बाकड्यावर तू कशी बसली होतीस ते मी बगितलं होतं कुसुम, मला ते परत नको होतं. मी म्हटलं, न त्या दिवशी बांगड्या का भरल्या. तर म्हणाले, घरात तुझ्या तोंडाकडं बगवत नव्हतं. काय करावं समजलं नाय.

तेवढं बोलले न मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आठ-दहा दिवस मी तन्वीशी बोलायचे न म्हशींशी.

आमच्याकडं माणूस गेल्यावर तीन महिन्यांनी भिक्षूंना जेवण देतात, दान म्हणतात त्याला. मी ठरवलं मी जाणार, मोडूदे वर्ष. ह्यांनी नाय म्हटलं नाय. फक्त म्हणाले एकदा वकिलाला सांगून जाऊ. गेलो. मी वकिलाला सगळं सांगितलं. तो ह्यांच्याकडं वळून म्हणाला, अहो, तुमी मला एक फोन का नाय केला. असं मोठं कारण असलं तर त्या वर्षातला महिनाभरापर्यंतचा खंड सरकार माफ करू शकतं. करंलच असं नाय, पण तशी सोय हाय. जायचं, यायचं, गेले म्हणून लिहायचं, न कारण द्यायचं. आईच्या मयताला जायला कोण कशाला अडवंल.

ह्यांनी वकिलाला परत इचारलं, म्हंजे ती जाऊ शकली असती. वकील म्हणाला, हो. परत थोड्या येळानं इचारलं, म्हंजे तवा जाऊन आली असती तरी. वकिलानं ह्या खेपेला मान हलवली नुसती. जिना उतरताना ह्यांची पायरी चुकली, मी हात धरला. बोलले नाय, पण धरला. राग होता, तरी माणूस पडताना दिसलं का हात जातोच.

दिवाळीच्या तोंडावर, कापणी ऐन भरात असताना मी गेले. सुनील मला बगून उंबऱ्यातच खाली बसला. मी त्याला मारणार होते, खरं सांगते, सगळ्या वाटेत मी तेच ठरवत गेले होते. तो इतका वाळला होता का माझा हात उठला नाय. त्यानं मला विहिरीची पायरी दाखवली, इथं बसली होती म्हणाला. मी तिथं बसले. तिथं मला रडू आलं, तीन महिन्यांचं. दानाला गावातल्या बायका आल्या, जेवणं रांधली, एकीनं पण मला बोल लावला नाय, उलट एक म्हातारी म्हणाली, तुझं वर्ष मोडलं का गं पोरी. म्हंजे सगळ्या गावाला म्हाईत होतं. मला सोडून सगळ्या गावाला.

परत आले. मुंबईला इमानतळावर हे न तन्वी उभे होते, ह्यांच्या तोंडावरनं कळलं का हा माणूस मी येते का नाय ह्या धास्तीत होता. मीच म्हटलं, भात झोडलं का. ते म्हणाले, राहिलंय थोडं. झालं, तिथनं बोलणं सुरू झालं.

आई मात्र चार दिवसांनी बोलली, खळ्यात पेंढा रचताना. म्हणाली, अनंताच्या येळेला मी बाळंतीण होते, माझी आई गेली, मला सव्वा महिना कुणी सांगितलं नाय. दूध आटंल म्हणाले. मी तवा कुणाला काय बोलले नाय, मला वाटलं असंच करायचं असतं. मंग तुझ्या येळेला पण मला तसंच वाटलं गं. एवढ्या वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांना पण नाय. पेंढा तसाच टाकून आमी दोघी तिथं बसलो.

मी ती सूट मागितली नाय. वकील म्हणाला मागूया, मी म्हटलं नको, मी आल्यापासून नवीन वर्ष मोजा. ते वर्ष पुरं झालं, अर्ज गेला. त्यात सगळं लिहिलंय, भावाचं लग्न, टाळेबंदी, न शेवटचं, आईच्या तीन महिन्यांच्या दानासाठी. पोलीस चौकशीला घरी आले होते, त्यांनी पण इचारलं मयताला नाय गेलात, दानाला गेलात, असं कसं. मी काय बोलायच्या आधी आईच म्हणाली, साहेब, आमी तिला सांगितलं नव्हतं, ते पण लिहा. त्यांनी लिहिलं का नाय म्हाईत नाय. चहा घेतला न गेले.

आता वाट बगायची. कधी येईल कुणी सांगत नाय. आलं का माझा तिकडचा पासपोर्ट सोडायला लागंल, मंग मला माझ्याच गावाला जायला व्हिसा काढायला लागंल, ह्याचं पण एक दुखतं, पण तिथं आता विहीर हाय न सुनील हाय, अम्मा नाय. राग गेला का म्हणाल तर सगळा नाय गेला. ह्यांचा फोन वाजला न ते बाहेर जाऊन बोलायला लागले का मी अजून हातातलं काम टाकून दाराकडं बगते. मंग ते तिथनंच ओरडून सांगतात, कारखान्यातला हाय गं. आता रोज सांगतात, कुणाचा फोन हाय ते. मी कधी सांगा म्हटलं नाय.

तन्वीला मी एवढंच सांगून ठेवलंय, सुखाचं एखादं सांगायचं राहिलं तरी चालंल बाळा, वाईट बातमी मला पहिली सांगायची, मी कुठं पण असले तरी, माझे कसले पण कागद अडकले असले तरी. न देवाकडं पण मी दुसरं काय मागत नाय. आपलं माणूस गेलं तर ते आपल्याला त्याच दिवशी कळावं, माझ्या पोरीला, तुमाला, सगळ्यांना.