मथुराआत्याची कुंची

मंडळी, आज रामजन्म. पाळणा सजलाय, सुंठवडा वाट्यांत भरून ठेवलाय, आणि सूर्य डोक्यावर यायला अजून थोडा अवकाश आहे. तेवढ्यात मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. तान्ह्या लेकराला भेट न्यायची असली, तर ती कुणाकडे बघून निवडायची?

सांगा की! या पुढच्या काकू म्हणतात, 'लेकराकडे बघून.' शाबास. आणि दुकानात गेल्यावर? बारशाला बूट घेऊन जाणारी मंडळी इथंच बसली आहेत. बूट! अहो, त्या बाळाला जायचंय कुठं? मांडीवरून पाळण्यात, पाळण्यातून मांडीवर! तबलजी हसू नका, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

तर ऐका. कऱ्हाडला मथुराबाई म्हणून एक बाई होत्या. हातात कला अशी, की त्यांनी कापडावर जास्वंद भरली तर देवाला वाहावीशी वाटावी. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ दिगंबर, तोच काय तो जीव की प्राण. त्याच्या लग्नात मथुराबाईंनी नव्या भावजयीला, नलिनीला, एक शेला दिला. स्वतः भरलेला! आणि नलिनीच्या आईनं, मनोरमाबाईंनी, तो उलगडून काय म्हणावं? 'छान आहे हो. हल्ली मशीनवर काय सुरेख काम होतं!'

मशीनवर! मंडळी, ती बाई सहज बोलून गेली. पण मथुराबाईंच्या काळजात ते वाक्य रुतून बसलं.

पुढे नलिनीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी, साताऱ्याला. आता बारशाचा मान कुणाचा? आत्याचा! कुंची आत्यानं आणायची, बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं. नलिनीनं फोनवर अगदी मायेनं सांगितलं, "वन्सं, तुम्ही दगदग करू नका. साधी सुती झबली आणा चार, जरा मोठ्या मापाची. सारखी भिजतात हो, आणि वाढतेय पण भराभर."

किती शहाणी पोर! काय हवं ते कापडासकट, मापासकट सांगितलं. पण मथुराबाईंना काय ऐकू आलं? 'म्हणजे माझ्या हातचं नको यांना! झबली काय, कुणीही आणील.' आणि त्या पुन्हा कुंची भरायला बसल्या. त्यांनी कधीचीच भरायला घेतलेली, ती आता हट्टानं पुरी केली. मोतिया रंगाचं रेशीम, त्यावर वेल, वेलीवर राघू, राघूच्या चोचीत डाळिंब. कडेपासून कडेपर्यंत रिकामी जागा म्हणून ठेवली नाही. शेजारीण म्हणाली, "आतून अस्तर लावा हो." त्या म्हणाल्या, "अस्तरानं फुगते. राघू उठून दिसत नाहीत."

कुणाला दिसत नाहीत? बाळाला? बाळाला तर त्या वयात आईचा चेहरासुद्धा धड दिसत नाही! मंडळी, ती कुंची भरताना मथुराबाईंच्या डोळ्यांपुढे बाळाचं डोकं नव्हतंच. मनोरमाबाईंचा चेहरा होता.

बारशाचा दिवस आला. घर भरलं. कुंची उलगडली आणि बायका पुढे झुकल्या. मथुराबाईंचं लक्ष एकाच ठिकाणी. मनोरमाबाई म्हणाल्या, "वा! सुबक आहे. कुठून आणलीत?"

झालं! पुन्हा तेच. मथुराबाईंनी कुंची तशीच बाळाच्या डोक्यावर चढवली.

आणि बाळ रडायला लागलं. असं तसं नाही, लालेलाल होऊन, पाय झाडत! मग काय, घरात जितकी तोंडं तितके वैद्य. कुणी म्हणे भूक, कुणी म्हणे पोट दुखतंय. मनोरमाबाई मीठ-मोहऱ्या आणायला उठल्या, दृष्ट लागली म्हणून. दूध पाजलं, दृष्ट काढली, रडणं चालूच. नावाची वेळ टळत चालली.

मथुराबाई पाळण्याजवळ उभ्या. त्यांनी पाहिलं, नलिनीनं बाळाला उरी धरलंय, आणि तिचं एक बोट कुंचीच्या आत आहे. कापड आणि कपाळ यांच्या मधे. कुणाला दिसू नये असं, हळूच धरलेलं. नणंदेचा मान राहावा म्हणून पोरगी तोंडानं काही बोलत नव्हती. लेकराला टोचू नये म्हणून बोट तेवढं मधे धरून बसली होती.

मथुराबाईंनी स्वतःचा हात आत घातला. आणि हाताला काय लागलं? गाठी! भरतकामाची उलटी बाजू. प्रत्येक पानाची गाठ, प्रत्येक राघूची गाठ, कापलेल्या दोऱ्यांची टोकं. कपाळावर लाल रेघ उठलेली. जन्मभर कौतुक झालं ते वरच्या बाजूचं, आणि खालची बाजू आली होती लेकराच्या वाट्याला. मथुराबाईंना तिथं धरणी दुभंगावी असं झालं.

आता काय करावं? काढून ठेवावी? पण मग बायका म्हणणार, नलिनीनं नणंदेची कुंची काढायला लावली. बोल लागायचा त्या गरीब पोरीला. आणि उलटी करून घालावी, तर? मंडळी, भरतकाम करणाऱ्या बाईला विचारा. ती एक वेळ घरातला पसारा दाखवील, पण कामाची उलटी बाजू दाखवणार नाही. आणि तीही कुणाच्या घरात? मनोरमाबाईंच्या!

मथुराबाईंनी कुंची काढली. सगळ्यांसमोर उलटी केली. गुळगुळीत राघू आत, बाळाच्या गालाशी. गाठी, धागे, गुंता, सगळं बाहेर. आणि म्हणाल्या, "माझंच चुकलं. आतून टोचत होती तिला."

बाळ हुंदके देत देत शांत झालं. मनोरमाबाई पुढे आल्या, बाळाच्या डोक्यामागं हात नेला आणि एकेका गाठीवरून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "अगं बाई... हे हातचं आहे? म्हणजे तो शेलासुद्धा?"

मथुराबाई वाकल्या, बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, 'वैदेही'. बायकांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले. त्यात मनोरमाबाईंचा हात सगळ्यात हलका होता, असं मथुराबाई पुढे सांगत. कऱ्हाडला परतल्यावर मथुराबाईंनी पहिलं काम काय केलं? जुन्या मऊ लुगड्याची झबली शिवली. जरा मोठ्या मापाची!

तर मंडळी, आता तुमच्याकडे येतो. काल एका भक्तानं रामरायासाठी मखमलीचा अंगरखा आणला. चैत्रात! पुजारीबुवा, तो राहू द्या हो पेटीत, प्रभूला मलमल नेसवा. पण मला अंगरख्याचं नाही, तुमचं विचारायचंय. देवळात येताना आपण राघूंची बाजू वर करून येतो. गोड बोलणं, हसरा चेहरा, सगळं भरतकामच. आणि गाठी? त्या आत. आत म्हणजे कुणाकडे? जो सगळ्यात जवळ आहे, त्याच्याकडे. गावाला राघू आणि घरच्यांना गाठी! आणि घरात कुणीतरी, न बोलता, मधे बोट धरून बसलेलं असतं.

वेळ झाली. पाळण्याची दोरी धरायला पुढे याल, तेव्हा शेजारी बसलेल्या आपल्या माणसाच्या कपाळाकडे एकदा नीट बघा. तिथं लाल रेघ उठली आहे का? बघा, आणि मग दोरीला हात लावा.