उशाचा दगड

सुलतानपूरच्या स्टँडवर लोणारच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर एक म्हातारे गुरुजी आणि त्यांचा जुना विद्यार्थी बोलत होते.

"कय्यूम, तुझा तो चुंबक चिकटणाऱ्या दगडाचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आला होता. कुठला दगड होता बे तो?"

"कबरस्तानातला, गुरुजी. अम्मीच्या उशाचा."

"म्हंजे?"

"आमच्या गावात कबर पक्की नाही बांधत. उशाशी नुसता दगड ठेवतो. सहज चुंबक लावून पाह्यला त चिकटला. अजब वाटलं, टाकला नेटवर."

"मंग?"

"खाली कोणीतरी लिहिलं, ह्याचा तुकडा बांधला का गुडघे दुखत नाहीत. लोक हातोड्या घेऊन आले. पहिले टवके नेले, मंग उरलेला दगडच उचलून नेला."

"अरे रे."

"पावसानं मातीही बसली. अम्मी नेमकी कुठं हाय, आता समजत नाही. फातिहा अंदाजानं पढतो."

"तो व्हिडिओ काऊन नाही काढून टाकत?"

"त्याच्यात मागं लिंबाचं झाड दिसते. त्याच्यावरूनच अंदाज घेतो, गुरुजी."



"कय्यूम."

"बोला ना."

"आमच्या शकुंतलेच्या गुडघ्याले एक तुकडा बांधला हाय. शेजाऱ्यानं आणून देल्ला होता. मले माहीत नव्हतं रे."

गाडी आली. दोघंही उठले नाहीत.

"फरक पडला काय काकूले?"