सासूबाईंची नाइट ड्युटी

कंत्राटी नर्सच्या कामासाठी साकोलीच्या एजन्सीत आलेली शालू बाळाला मांडीवर घेऊन पाळीची वाट पाहत होती. समोर एक नर्स एजन्सीवाल्या मनिषभाऊंवर उखडली होती.

“माह्या सासूबाईले नर्स काहून दाखवलं?”

“तुमचा पगार दोन नावांवर वाटला, ताई. टॅक्स वाचला न!”

“वा! टॅक्सवाले आता त्यायलेच बोलावून राहिले. नाइट ड्युटी कुठं करता म्हणतात. अन् त्यायले तर दिवसाही दिसत नाही!”

“अंगठा त्यायचा, जबाबदारी त्यायची.”

“अन् तुमची?”

“आमची फक्त सेवा.”

नर्स तणतणत निघून गेली. मनिषभाऊ शालूकडं वळले.

“या ताई. सासूबाई हायेत न घरी?”

“वारल्या.”

“काही हरकत नाही. बाळाचं आधार कार्ड निघालं असन न?”