धा घरांची एकच पावती

माहेर माझं ईट गावचं, दिलं येरमाळ्याजवळच्या खेड्यात, आमची आळी बौद्धांची, धाच घरं. बहात्तरच्या दुष्काळात मालक वारले, म्या खडी फोडली, बोटं बगा, अजून वाकडीच हायेत. तवा सोसायटीनं घरटी खावटी दिली, खायापुरतं कर्ज, आमच्या घरचं माझ्या नावावर. दुसऱ्या साली मजुरीतनं पै न पै फेडली.

पर पैसे दिले कुनाकडं, तर आळीतल्या सखाराम तात्यांकडं. सोसायटीचा सेक्रेटरी आमाला वट्यावर चढू देत न्हवता, एकेकानं जाऊन खाली उन्हात ताटकळायचं त्यापरीस तात्याच सगळ्यांचं घेऊन जायाचे, हीच आमची रीत आन तीच आमची चूक. सेक्रेटरीनं धा घरांची एकच पावती केली, तात्यांच्या नावानं. तात्या अडाणी, आमीबी अडाणी, शिक्का दिसला की आमी खूश.

पुढं म्या शिवण शिकले. सोसायटीतनं शिलाई मशीनला कर्ज मिळायलं म्हणून अर्ज केला, तर सेक्रेटरी म्हणला, तू तर थकबाकीदार हायेस बाई. आन तेवढ्यावर थांबला न्हाय, दवंडी देऊन चावडीवर यादी वाचली, त्यात तात्या सोडून आळीतल्या सगळ्यांसंगं माझं बी नाव. काय सांगू तुमाला, चोरी न करता चोर झाले. सासू दोन दिस जेवली न्हाय.

तात्यांनी पेटीतनं पावती काढली, शाळेच्या गुरुजींनी वाचली, म्हणले, तात्या, तुमचं कर्ज एवढं न्हवतंच, मग वरचे पैसे कुनाचे? हेच म्या अर्जात लिवून घेतलं, वरच्या हापिसाला एसटीनं चार खेपा केल्या, कवा सायेब रजेवर, कवा वही मागवलीय म्हणायचे. पाचव्या खेपंला हिशेब लागला, यादीतनं आमची नावं कमी झाली. तवर मशीनीचं कर्ज वाटून संपलं व्हतं.

म्या सेक्रेटरीला म्हणलं, मशीन जाऊ द्या, जसं नाव चावडीवर वाचलं तसंच कमी झालं म्हणून बी वाचा. तर म्हणला, दवंडी थकलेल्यांची असती, फेडलेल्यांची न्हाय. त्याचा राग अजून माझ्या पोटात हाय, खोटं कशाला बोलू.

तात्या गेले, जाताना बी म्हणले, पोरी, माझ्यापायी झालं. न्हाय वो तात्या, तुमी तर आमच्यासाठीच उन्हात उभं ऱ्हात व्हता. आता म्या हातानंच गोधड्या शिवते, कुनी पैसे भरून आलं की आदी इचारते, पावती तुमच्या नावची हाय का बगा. तुमी लिवताय न्हवं, मग माझं पुरं नाव लिवा, गंगूबाई किसन वाघमारे, आन फुडं लिवा, हिच्याकडं काय बी बाकी न्हाय. आन ते एकदा मोठ्यानं वाचून दाखवा मला.