लिफ्टवाला हसतो कशाला?

ताई : ...आणि हा पुन्हा हसला! छोट्या, तुझा हा लिफ्टवाला पानापानावर खदाखदा हसतोय. माणसं मारतो, हसतो. जेवतो, हसतो. जिना चढतानाही हसतो. त्याला दम लागत नाही का रे?

छोट्या : ताई, तो वेडा आहे.

ताई : हो, ते कळलं. पहिल्याच पानावर कपडे फाटलेले, केस पिंजारलेले, डोळे लालबुंद. असा माणूस लिफ्ट दुरुस्त करायला आला तर वॉचमन त्याला आत तरी सोडेल का?

छोट्या : संपादकबाईंनीही तेच लिहिलंय. 'खुनी पुठ्ठ्याचा वाटतो.' अख्खं पुस्तक परत पाठवलंय माझं. म्हणून तर तुझ्याकडे आलो.

ताई : पुठ्ठ्याचा! मग बरोब्बर दुकानात आलास. सरक जरा, त्या माउंटवर, फोटोभोवतीच्या पुठ्ठ्यावर, कोपर टेकू नकोस. डाग पडला तर गिऱ्हाईक माझ्या नावानं शंख करेल.

छोट्या : तुझ्या नावानं की भाऊजींच्या?

ताई : माझ्या. दुकान माझं आहे. मी इस्पितळातून आल्यापासून हे त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून असतात, आज पहिल्यांदा आपल्या कामावर गेलेत. संध्याकाळी ठरवणार आहेत म्हणे, उद्यापासून मी दुकान एकटीनं उघडायचं की नाही. मला सांग, फ्रेम मी करते, काच मी कापते, आणि ठरवणार कोण? तर स्टूल!

छोट्या : काळजी वाटते गं त्यांना.

ताई : माहितेय. म्हणून तर गप्प बसलेय. पण उद्या हे शटर मला एकटीला उघडायचंय, छोट्या. इतकं उघडायचंय की काय सांगू. ते जाऊ दे. आधी हे सांग, हा लिफ्टवाला खून का करतो?

छोट्या : सांगितलं ना, वेडा...

ताई : ते कारण नाही झालं. मी वेडी झाले होते तेव्हा काय केलं?

छोट्या : ताई, असं नको ना म्हणूस.

ताई : मी म्हणेन. तू म्हणू नकोस. सांग, काय केलं होतं मी?

छोट्या : दुकानातल्या सगळ्या फ्रेमांच्या काचा काढल्या होत्यास.

ताई : का काढल्या?

छोट्या : ते... आम्ही कधी विचारलंच नाही.

ताई : घ्या! एवढा मोठा लेखक, घरात आयता माल, आणि विचारलंच नाही! अरे, फोटोतल्या माणसांना श्वास घेता येत नव्हता. काचेला आतून वाफ धरलेली दिसायची मला. आता तूच सांग, डोळ्यांसमोर माणसं गुदमरतायत आणि तू हातावर हात ठेवून बसशील?

छोट्या : नाही बसणार.

ताई : मग! मी काढल्या काचा. पण कशा? एकेक खिळा उपसून, दोन काचांमध्ये कागद घालून, भिंतीला नीट टेकवून. एकही तडकली नाही. हसले नाही की केस पिंजारले नाहीत. आयुष्यात इतकं नीटनेटकं काम मी कधी केलं नव्हतं. घाबरले होते रे मी. वेळ थोडा होता आणि माणसं फार होती.

छोट्या : थांब, थांब. हे लिहून घेऊ?

ताई : लिही की! आलायस कशाला?

छोट्या : म्हणजे लिफ्टवाल्याला असं वाटतं, की लिफ्टमध्ये माणसं गुदमरतात...

ताई : वाटत नाही, दिसतं! 'वाटतं' म्हटलंस की तू दाराबाहेर उभा राहिलास. आत ये.

छोट्या : दिसतं. बरं, दिसतं. मग तो लिफ्ट बंद पाडतो!

ताई : पाडतो! पण मोडतोड करून नाही हं. कारागीर आहे तो. दोन मजल्यांच्या मध्ये अलगद अडकवतो, दारावर पाटी लावतो, आणि मागे सरकून पाटी सरळ लागलीय का ते बघतो.

छोट्या : आणि त्याच दिवशी... अगं! त्याच दिवशी वरच्या मजल्यावर खून होतो! खुन्याला लिफ्ट मिळत नाही, तो जिन्यानं पळतो...

ताई : आणि जिन्यात लिफ्टवाला बसलाय! हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन! छोट्या, खुनी हा नाहीच!

छोट्या : हा साक्षीदार! ताई, कसलं भारी! अंगावर काटा आला बघ!

ताई : अरे, टेबलावर मूठ काय आपटतोस, काचा थरथरल्या माझ्या!

छोट्या : मी मूठ आपटतो आणि तू ओरडतेस. आत्ता दारात एक बाई आल्या होत्या फोटो न्यायला. 'खुनी हा नाहीच' ऐकलं आणि आल्या पावली परत गेल्या.

ताई : येतील उद्या. सासूचा फोटो आहे, त्याची काही घाई नसते. तू पुढे बोल.

छोट्या : सगळे त्यालाच खुनी ठरवणार. आणि तो बिचारा एकदम निष्पाप, साधाभोळा, मुंगीलाही न दुखवणारा...

ताई : झालं! आता त्याच्या डोक्यामागे तेजही काढ. राक्षस नाही म्हटलं की लगेच संत कशाला करतोस? त्या दिवसांत मला जाऊबाईंचा किती राग यायचा माहितेय?

छोट्या : तो आजारामुळे...

ताई : अजिबात नाही. ती आहेच तशी. अजूनही येतो.

छोट्या : हे मात्र मी लिहिणार नाही.

ताई : लिहू नकोस, पण ध्यानात ठेव. लिफ्टवाल्यालाही थोडा खोटेपणा दे. खोटं बोलू दे त्याला.

छोट्या : कशाबद्दल?

ताई : गोळ्यांबद्दल. गोळ्या बंद केल्यात त्यानं. आता पोलीस त्याला पहिला प्रश्न काय विचारतील? 'काय पाहिलंस?' छे! 'गोळ्या घेतल्यास का?' तो म्हणतो, घेतल्या. पेटीतून पाकीट निघतं, भरलेलं. संपलंच मग. एक खोटं सापडलं, की त्याच्या खऱ्याला कोण विचारतो?

छोट्या : पण मग वाचकही त्याच्यावर संशय घेईल!

ताई : घेऊ दे की! त्यातच तर मजा आहे! खुनी त्याच्या शेजारून जिना उतरला, हे खरं. खुन्याच्या तोंडातून वाफ निघत होती, हे त्याचं स्वतःचं. इन्स्पेक्टरनं बसून ते दोन्ही वेगळं करायचं, तांदळातले खडे निवडतात तसं. थांब, तो कसा सांगेल ते दाखवते. मी लिफ्टवाला, तू इन्स्पेक्टर. ऊठ, पोट पुढे काढ.

छोट्या : काढायला कशाला हवं, आहेच.

ताई : 'साहेब, मी लिफ्ट बिघडवली नाही, झोपवली! साहेब, तो माणूस खाली उतरला, त्याच्या बुटांना आवाज नव्हता. ऐका ना, साहेब! गोळ्यांचं मागाहून विचारा, आधी बुटांचं विचारा! आवाज नव्हता त्याच्या बुटांना! माझं ऐका!'

(छोट्या टेबलावरची माउंट कापायची सुरी हळूच उचलतो आणि आपल्या पाठीमागच्या फळीवर ठेवतो.)

ताई : ...काय केलंस आत्ता?

छोट्या : कुठे काय?

ताई : सुरी उचललीस.

छोट्या : कडेला होती. पडली असती.

ताई : कडेला नव्हती. नेहमीच्या जागी होती. मला घाबरलास तू.

छोट्या : ताई, तू एकदम एवढ्या जोरात...

ताई : जोरात बोलले. मघाशी तू मूठ आपटलीस, तेव्हा मी तुझ्या हातातलं पेन काढून घेतलं का?

छोट्या : नाही.

ताई : वाईट वाटलं मला, छोट्या. फार वाईट वाटलं.

छोट्या : चुकलो गं. आणि अजून एक सांगायचंय. भाऊजींनी पाठवलंय मला. पुस्तकाचं खरंच आहे, पण ते म्हणाले, आज तिच्यापाशी बस आणि संध्याकाळी मला सांग, ठीक वाटते का.

ताई : म्हणजे स्टूल गेलं आणि तू आलास.

छोट्या : हो.

ताई : मग विचार ना सरळ. चोरासारखा बघतोस काय?

छोट्या : काल झोपलीस?

ताई : झोपले. घोरले. गोळ्या घेतल्या, ह्यांना जीभ उचलून दाखवली. पुढे?

छोट्या : पुढे म्हणजे... हे आत्ताचं, ताई. एवढं बोलणं, एवढा उत्साह. मला कळत नाही, ही तूच आहेस की...

ताई : की आजार. खरं सांगू? मलाही कधीकधी कळत नाही. काही छान वाटायला लागलं की आधी मीच दचकते. घरात मी मोठ्यानं हसले की सगळे एकमेकांकडे बघतात. म्हणून हल्ली बेतानंच हसते. पण एक फरक आहे, तो लिहून ठेव. तेव्हा मला कुणाचं ऐकूच यायचं नाही. बोलायला येणारा प्रत्येक जण आडवाच यायचा. आज तू मधे बोललास, मी थांबले. खून वरच्या मजल्यावर होतो हे तुला सुचलं, मी ते घेतलं. आणि तू सुरी उचललीस, तेव्हा असं नाही वाटलं, की तू फोटोतल्या माणसांच्या वाईटावर आहेस. एवढंच वाटलं, की माझा भाऊ घाबरला.

छोट्या : ताई...

ताई : रडू नकोस, माउंट भिजेल. आणि लेखक ना तू? मग हेच घाल पुस्तकात! घालच! इन्स्पेक्टर चांगला माणूस आहे, मनापासून ऐकतोय. आणि ऐकता ऐकता त्याचा हात टेबलावरच्या कात्रीकडे जातो. लिफ्टवाला ते बघतो आणि गप्प होतो. बुटांचं सांगायचं राहूनच जातं!

छोट्या : आणि खुनी सुटतो! एका कात्रीपायी!

ताई : पुस्तकाच्या बरोब्बर मध्यावर!

छोट्या : मग तो पुन्हा बोलावा म्हणून इन्स्पेक्टरनं काय करायचं?

ताई : ते तू शोध. सगळं मीच लिहू का? आण ती सुरी इकडे, माझा माउंट अर्धा राहिलाय. अरे, पात्याकडून धरू नकोस, बोट कापेल!

छोट्या : घे. ताई, फोन वाजतोय. भाऊजींचा.

ताई : उचल. मी आत जाते, काचा पुसायच्यात. तुला जे वाटलं ते सांग त्यांना. माझी भीड धरू नकोस.

छोट्या : हॅलो. हो, भाऊजी.

भाऊजी : कुठे आहे ती? जवळच आहे का?

छोट्या : आतल्या खोलीत आहे. काचा पुसतेय.

भाऊजी : मग पटकन सांग. कशी आहे?

छोट्या : खूप बोलली. हसली, ओरडली, लिफ्टवाला झाली, माझ्यावर चिडली. मला रडवलंन.

भाऊजी : अरे बापरे. डॉक्टरांना फोन करू?

छोट्या : नको हो. मी सरळ विचारलं, तिनं सरळ सांगितलं. भाऊजी, ती आनंदात आहे. नुसती आनंदात आहे. उद्या दुकान तिला उघडू द्या.

भाऊजी : खात्री आहे तुझी?

छोट्या : पुरती नाही. तिचीही नाही. पण काही बिनसलं आणि आपण विचारलं, तर ती सांगेल. चोरून पहारा ठेवला तर नाही सांगणार.

भाऊजी : मला नुसतं बसून राहणं जमतं रे. विचारायला जीभच रेटत नाही. वाटतं, काय उत्तर येईल... बरं. उद्या मी कामावर जातो. पण मागे कसला आवाज येतोय? रेडिओ लावलायत का?

छोट्या : नाही, ताईच गातेय. बेसूर.

भाऊजी : गातेय? काचा पुसताना?

छोट्या : हो. का हो?

भाऊजी : आजारी पडायच्या आधी गायची. त्यानंतर नाही ऐकलं.

छोट्या : बोलावू का तिला?

भाऊजी : नको, नको, थांबेल ती. तू फोन ठेवू नकोस एवढ्यात. जरा आतल्या दाराकडे धर.